भोंगा वाजला, पण कशासाठी?

विमानातील धोक्याचा इशारा वेळेवर मिळणे ही अर्धीच सुरक्षितता. त्या इशाऱ्याचा अर्थ लावणारा मेंदू आणि त्यामागची देखभालीची वही, या दोन्ही गोष्टी शाबूत असतील तरच उरलेली अर्धी पूर्ण होते.

'तांत्रिक बिघाडामुळे विमान माघारी' अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. बातमी चार ओळींची असते. प्रवासी वैतागलेले असतात, कंपनी दिलगिरी व्यक्त करते आणि विषय संपतो. कॉकपिटमध्ये नेमके काय घडले ते सहसा छापून येत नाही. तिथे एखादा दिवा पेटलेला असतो किंवा भोंगा वाजलेला असतो. दोन माणसांनी त्याचा अर्थ लावलेला असतो, ठरलेली यादी काढून एकेक पायरी पार पाडलेली असते आणि मग विमान वळवायचे की पुढे न्यायचे हे ठरवलेले असते. विमान सुखरूप उतरले याचा अर्थ इशारा बरोबर वाचला गेला.

आजच्या प्रवासी विमानात शेकडो प्रकारचे इशारे देण्याची सोय असते. त्यातले काही हवामानाचे, काही इतर विमाने जवळ आल्याचे, तर बरेचसे यंत्रणांच्या प्रकृतीचे. या शेवटच्या प्रकारातल्या अनेक इशाऱ्यांचे मूळ उड्डाणात नसते. ते जमिनीवर, आदल्या रात्री हँगरमध्ये किंवा धावपट्टीशेजारी झालेल्या दुरुस्तीत असते. म्हणजे इशारा वैमानिकापुढे येतो, पण त्याची गोष्ट दुसऱ्याच कुणाच्या हातून सुरू झालेली असते. ही गोष्ट अर्धवट पोहोचली तर काय होते, याचे सर्वात बोलके उदाहरण सायप्रसमधले आहे.

दाराची तक्रार

१४ ऑगस्ट २००५. हेलिओस एअरवेजचे बोइंग ७३७ जातीचे विमान लंडनहून पहाटे सायप्रसच्या लार्नाका विमानतळावर उतरले. केबिन कर्मचाऱ्यांनी मागच्या उजव्या दाराबद्दल तक्रार नोंदवली होती. उड्डाणात त्या दाराच्या कडेला बर्फ धरते आणि दणके ऐकू येतात, असे त्यांचे म्हणणे होते. दारातून हवा गळते आहे का हे पाहणे गरजेचे होते. त्यासाठी विमान जमिनीवर असतानाच केबिनमध्ये हवेचा दाब वाढवावा लागतो आणि तो वाढवायचा तर दाब नियंत्रित करणारी कळ 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर न्यावी लागते.

ही यंत्रणा समजायला सोपी आहे. घराच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा. वरून पाणी येत राहते आणि खालच्या तोटीतून जात राहते. तोटी किती उघडी ठेवली यावर टाकीतली पातळी ठरते. विमानातही इंजिनाकडून आलेली हवा केबिनमध्ये सतत सोडली जाते आणि मागच्या बाजूच्या एका झडपेतून ती बाहेर पडते. कळ 'ऑटो'वर असेल तर विमान वर चढू लागताच ही झडप आपोआप हवी तेवढी मिटत जाते. 'मॅन्युअल'वर असेल तर झडप जिथे आहे तिथेच राहते. ती हलवायची जबाबदारी माणसाची.

अभियंत्याने तपासणी केली. गळती आढळली नाही. काम संपले, पण कळ 'मॅन्युअल'वरच राहिली. झडप काही अंशी उघडी होती.

सकाळच्या वैमानिकांना ही चूक पकडण्याच्या तीन संधी होत्या. उड्डाणापूर्वीची कॉकपिटची तयारी, इंजिन सुरू करण्याआधीची यादी आणि विमान हवेत झेपावल्यानंतरची यादी. तिन्ही ठिकाणी ही कळ पाहणे अपेक्षित होते आणि तिन्ही वेळा ती नजरेतून निसटली. त्या पॅनेलवर 'मॅन्युअल' असे सांगणारा दिवा हिरव्या रंगाचा असतो. हिरवा दिवा कुणाच्या डोळ्यांना खटकत नाही. रोज तीच यादी, तीच कळ आणि रोज ती 'ऑटो'वरच असते. अशा वेळी डोळा कळीवरून फिरतो, पण मन तिथे थांबत नाही. ज्याने रोज कुलूप लावले आहे त्याला आज लावले की नाही हे आठवत नाही, तसेच हे.

एक आवाज, दोन अर्थ

सकाळी ९ वाजून ७ मिनिटांनी विमान ११५ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांसह अथेन्समार्गे प्रागकडे निघाले. साडेपाच मिनिटांनी, सुमारे १२ हजार फुटांवर, कॉकपिटमध्ये भोंगा वाजू लागला.

इथे यंत्राच्या रचनेतला एक जुना दोष आडवा आला. या विमानात तोच भोंगा दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वाजत असे. विमान जमिनीवर असताना तो वाजला तर त्याचा अर्थ 'पंखांच्या झडपा वगैरे उड्डाणासाठी नीट लावलेल्या नाहीत, उड्डाण करू नका'. हवेत वाजला तर अर्थ 'केबिनमधली हवा धोकादायक इतकी विरळ झाली आहे'. पहिला अर्थ वैमानिकांच्या सवयीचा. दुसरा आवाज प्रत्यक्ष उड्डाणात ऐकण्याची वेळ बहुतेकांवर उभ्या नोकरीत येत नाही. कॅप्टनने कंपनीच्या कार्यालयाला रेडिओवरून कळवले की उड्डाणाच्या रचनेबद्दलचा इशारा वाजतो आहे. हवेत असताना तो इशारा वाजणे शक्यच नव्हते. पण कानांनी ओळखीचा आवाज ऐकला आणि मनाने ओळखीचा अर्थ जोडला.

त्यातच उपकरणे थंड ठेवणाऱ्या पंख्यांचे इशारा-दिवेही पेटले. त्याचे कारणही तेच होते. हवा विरळ झाल्याने पंख्यातून पुरेशी हवा वाहत नव्हती. म्हणजे दोन्ही इशारे एकाच आजाराची लक्षणे होती. कॅप्टनने मात्र दुसऱ्या लक्षणालाच आजार मानले. जमिनीवरच्या अभियंत्याशी बोलणे सुरू झाले ते पंख्यांबद्दल. पंख्यांचे सर्किट ब्रेकर कुठे आहेत, असे कॅप्टनने विचारले. तुमच्या आसनामागे, असे उत्तर मिळाले. तोवर मागे केबिनमध्ये प्रवाशांच्या डोक्यावरचे ऑक्सिजन मास्क खाली आले होते. विमान स्वयंचलित नियंत्रणावर वर चढतच होते. २८ हजार ९०० फुटांच्या आसपास संभाषण थांबले. त्यानंतर वैमानिकांचा आवाज कुणी ऐकला नाही.

प्रवाशांचे मास्क आपोआप पडतात. वैमानिकांचे मास्क त्यांच्या हाताशी असतात, पण ते त्यांना स्वतः ओढून लावावे लागतात. केबिनच्या दाबाच्या इशाऱ्यावर करायची पहिली गोष्ट अगदी साधी आहे : आधी मास्क लावा, मग विचार करा. हा क्रम उगाच ठरवलेला नाही. त्याचे कारण शरीरात आहे.

मेंदूला कळत नाही

समुद्रसपाटीवर असो की एव्हरेस्टवर, हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्केच असते. बदलतो तो हवेचा दाब. १८ हजार फुटांवर तो निम्म्यावर येतो आणि ३४ हजार फुटांवर जेमतेम पाव उरतो. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलला जातो तो या दाबाच्या जोरावर. म्हणून विमानाची केबिन कृत्रिमरीत्या दाबाखाली ठेवतात. विमान कितीही उंच असले तरी आत आपल्याला फार तर आठ हजार फुटांवर असल्यासारखी हवा मिळते. ही उंचीही कळसूबाईच्या शिखराच्या जवळजवळ दीडपट आहे. लांबच्या प्रवासात निरोगी माणसालाही थोडे गळून गेल्यासारखे वाटते त्यामागचे हे एक कारण.

केबिनचा दाब टिकला नाही तर मेंदूला ऑक्सिजन कमी पडू लागतो. या अवस्थेला हायपॉक्सिया म्हणतात. तिची सर्वात घातक बाजू अशी की ती सांगून येत नाही. श्वास कोंडल्यावर आपण तडफडतो ते मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्याने नव्हे, तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्याने. विरळ हवेत आपण श्वास घेत आणि सोडत असतो, कार्बन डायऑक्साइड व्यवस्थित बाहेर पडत असतो. त्यामुळे गुदमरल्याची जाणीव होत नाही. करोनाच्या काळात हाच प्रकार आपण 'हॅपी हायपॉक्सिया' या नावाने ऐकला होता. रुग्ण फोनवर बोलत असायचा आणि बोटावरचा ऑक्सिमीटर भलतेच खाली आलेले आकडे दाखवायचा. घरोघरी ऑक्सिमीटर आले ते याच कारणाने. शरीर जे सांगत नव्हते ते यंत्राला विचारावे लागत होते.

ऑक्सिजन कमी पडला की मेंदूतली पहिली बळी जाणारी गोष्ट म्हणजे तारतम्य. हिशेब चुकतो, नजर अरुंद होते, एकाच क्षुल्लक गोष्टीवर मन अडकून बसते आणि वर 'सगळे ठीक आहे' असा विलक्षण आत्मविश्वास वाटतो. काहींना तर आनंदच होतो. आपण चुकतो आहोत हे ओळखण्यासाठी मेंदूचा जो भाग लागतो तोच आधी मंदावतो. साधारण १८ हजार फुटांवर माणूस वीस-तीस मिनिटे कामापुरता शुद्धीवर राहू शकतो. २५ हजार फुटांवर हा अवधी तीन ते पाच मिनिटांवर येतो आणि ३५ हजार फुटांवर अर्ध्या ते एका मिनिटावर.

हे ज्ञान नवे नाही. १५ एप्रिल १८७५ रोजी तीन फ्रेंच संशोधक 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून आठ हजार मीटरच्या वर गेले. सोबत ऑक्सिजनमिश्रित हवेच्या पिशव्या होत्या. गरज वाटली की वापरायच्या, असा बेत होता. गरज वाटेपर्यंत हात उचलण्याचे त्राण उरले नाही. तिघांपैकी गास्तों तिसांदिये तेवढे वाचले. त्या उंचीवर आपल्याला त्रास तर नव्हताच, उलट एक प्रकारचा आंतरिक आनंद वाटत होता, असे त्यांनी नंतर लिहून ठेवले. वैमानिकांना म्हणूनच 'बरे वाटेनासे झाले की मास्क लावा' असे शिकवत नाहीत. 'भोंगा वाजला की मास्क लावा' असे शिकवतात. भारतीय हवाई दलाच्या बंगळूरु येथील इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये कमी दाबाच्या कक्षात बसवून वैमानिकांना हा अनुभव मुद्दाम दिला जातो. प्रत्येकाची पहिली लक्षणे थोडी वेगळी असतात. ती सुरक्षित जागी एकदा ओळखून ठेवावीत, हा हेतू.

हेलिओसचे विमान ३४ हजार फुटांवर जाऊन अथेन्सच्या आकाशात घिरट्या घालत राहिले. संपर्क होत नाही म्हणून ग्रीसच्या हवाई दलाने दोन एफ-१६ विमाने पाठवली. त्यांच्या वैमानिकांना कॅप्टनचे आसन रिकामे दिसले, सहवैमानिक पुढे कलंडलेला दिसला आणि खिडक्यांतून मास्क लावलेले निश्चल प्रवासी दिसले. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन सुमारे बारा मिनिटे पुरतो. तेवढ्यात वैमानिकांनी विमान खाली आणावे, असे गृहीत असते. शेवटी केबिन कर्मचाऱ्यांपैकी एक जण कॉकपिटमध्ये येऊन कॅप्टनच्या जागी बसला. हातात वाहून नेता येणाऱ्या ऑक्सिजन बाटल्यांवर तो शुद्धीवर राहिला असावा. त्याच्याकडे वैमानिकाचा परवाना होता, पण या जातीच्या विमानाचे प्रशिक्षण नव्हते आणि आता वेळही नव्हता. काही क्षणांतच इंधन संपून डावे इंजिन बंद पडले, मग उजवे. दुपारी १२ वाजून ३ मिनिटांनी विमान ग्रामातिको गावाजवळच्या टेकडीवर कोसळले. १२१ जणांपैकी कुणीही वाचले नाही. कोसळण्याच्या क्षणी त्यांची हृदये धडधडत होती, असे वैद्यकीय तपासणीत आढळले. शुद्ध हरपून मात्र दोन तासांहून अधिक काळ लोटला होता.

ग्रीसच्या तपास मंडळाने २००६ मध्ये अहवाल दिला. त्यात वैमानिकांच्या चुका होत्याच, पण एकाच भोंग्याला दोन अर्थ देणाऱ्या रचनेवर आणि असा गोंधळ आधीही झालेला असताना पुरेशी पावले न उचलण्यावरही बोट ठेवले होते. २०११ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने जुन्या ७३७ विमानांत दोन वेगळे दिवे बसवण्याचा आदेश काढला. एक केबिनच्या दाबासाठी, एक उड्डाणाच्या रचनेसाठी. आता भोंगा वाजला की कशासाठी ते शेजारचा दिवा सांगतो.

सवयीचा झालेला दिवा

इशारा न कळणे हा एक धोका. तो वारंवार मिळून अंगवळणी पडणे हा दुसरा. २८ डिसेंबर २०१४ रोजी इंडोनेशिया एअरएशियाचे एअरबस ए-३२० विमान सुराबाया येथून सिंगापूरला निघाले. शेपटीवरच्या सुकाणूची हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रणेतला दोष कॉकपिटच्या पडद्यावर एकामागून एक चार वेळा झळकला. या इशाऱ्याने विमान धोक्यात येत नाही. पडद्यावर दाखवलेली कृती करायची आणि पुढे जायचे. पहिल्या तीन वेळा वैमानिकांनी तसेच केले.

तपासात आढळले की त्या विमानात हाच दोष आधीच्या बारा महिन्यांत २३ वेळा नोंदवला गेला होता. मूळ कारण होते इलेक्ट्रॉनिक पट्टीवरच्या एका सांध्याला गेलेली तडा. जमिनीवरची उष्णता आणि उंचावरची थंडी यांच्या फेऱ्यांत असा सांधा कधी जुळतो, कधी सुटतो. अभियंता जमिनीवर तपासतो तेव्हा सारे ठीक दिसते, यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली की दिवा विझतो आणि वहीत 'तपासले, ठीक' असे लिहिले जाते. घरचा मिक्सर मेकॅनिककडे नेल्यावर शहाण्यासारखा चालतो, हा अनुभव कुणाला नाही? फरक इतकाच की इथे वहीतल्या २३ नोंदी एकत्र वाचल्या असत्या तर दोष तात्पुरता नसून वाढत चालला आहे, हे दिसले असते.

काही दिवसांपूर्वी याच दोषाच्या वेळी अभियंत्याने जमिनीवर सर्किट ब्रेकर ओढून यंत्रणा पुन्हा चालू केलेली त्या कॅप्टनने पाहिली होती. चौथ्या वेळी, आकाशात, उड्डाण नियंत्रक संगणकाचा वीजपुरवठा तुटल्याच्या खुणा नोंदयंत्रात सापडल्या. ब्रेकर ओढल्यावर जसे होते तसेच. स्वयंचलित नियंत्रण सुटले, विमान डावीकडे ५४ अंशांपर्यंत कलंडले आणि ते सावरताना नाक इतके वर गेले की पंखांना उचल मिळेनाशी झाली. १६२ जण मृत्युमुखी पडले. जो इशारा एकट्याने काही बिघडवणार नव्हता, त्याला गप्प करण्याचा उपाय जीवघेणा ठरला.

वहीत न आलेली ओळ

तिसरी गोष्टही इंडोनेशियातलीच. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी बालीमध्ये लायन एअरच्या नव्या कोऱ्या बोइंग ७३७ मॅक्स विमानाचा एक संवेदक बदलण्यात आला. हवेच्या प्रवाहाशी विमानाच्या पंखांचा कोन किती आहे ते तो सांगतो. बसवलेला संवेदक दुरुस्त करून आलेला होता आणि २१ अंशांनी चुकीचा कोन दाखवत होता. त्याच रात्री जकार्ताला निघालेल्या उड्डाणात कॅप्टनच्या हातातला दांडा थरथरू लागला. विमान हवेतला आधार गमावते आहे, असा त्याचा अर्थ. पाठोपाठ एक स्वयंचलित यंत्रणा विमानाचे नाक पुन्हा पुन्हा खाली ढकलू लागली. कॉकपिटमध्ये प्रवासी म्हणून बसलेल्या तिसऱ्या वैमानिकाची मदत झाली, शेपटीकडील विद्युत यंत्रणा बंद करणारे स्विच वापरले गेले आणि विमान जकार्ताला उतरले.

उतरल्यावर कॅप्टनने वेग आणि उंचीचे आकडे जुळत नसल्याचे, शिवाय एक दिवा लागल्याचे वहीत नोंदवले. दांडा थरथरत होता आणि नाक खाली जाऊ नये म्हणून स्विच बंद करावे लागले, या दोन गोष्टी नोंदीत आल्या नाहीत. अभियंत्यांनी नोंदीत होते तेवढ्यावर काम केले, हवेच्या नळ्या साफ केल्या, चाचणी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या वैमानिकांपुढे तेच संकट नव्याने उभे राहिले. विमान जावा समुद्रात कोसळून १८९ जणांचा बळी गेला. त्या स्वयंचलित यंत्रणेचा उल्लेख वैमानिकांच्या माहितीपुस्तकात नव्हता, हा कंपनीचा दोष फार मोठा होता आणि जगभर त्यावर बोलले गेले. पण इंडोनेशियाच्या अंतिम अहवालाने अपघाताला हातभार लावणारी जी नऊ कारणे मांडली, त्यात आदल्या रात्रीच्या या अपुऱ्या नोंदीलाही स्थान दिले. आदल्या रात्रीचे उत्तर सकाळच्या माणसांपर्यंत पोहोचलेच नाही.

मुंबईचे उदाहरण आणि रुग्णालयाचा धडा

केबिनचा दाब राखण्यातली चूक आपल्याकडेही घडली आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या ७३७ विमानात दाब राखणारा स्विच लावायचा राहून गेला, असे नागरी विमान वाहतूक संचालनालयाने सांगितले. विमानात १६६ प्रवासी होते. मास्क खाली आले, सुमारे तीस जणांच्या नाका-कानांतून रक्त आले. बाहेरचा दाब झपाट्याने बदलला की कानाच्या पडद्याच्या आतल्या बाजूची हवा तितक्या वेगाने बाहेर पडू शकत नाही, पडदा ताणला जातो आणि नाकातल्या नाजूक रक्तवाहिन्याही फुटतात. विमान मुंबईला परत आले आणि सारे जण वाचले. सुरुवात हेलिओससारखीच, पण इथे शुद्ध हरपण्याआधी विमान खाली आले.

या साऱ्याचा संबंध फक्त विमानांशी नाही. अतिदक्षता विभागातले मॉनिटर दिवसभर वाजत असतात. त्यातले बरेच इशारे बोटावरची क्लिप सरकल्याचे किंवा रुग्ण कुशीवर वळल्याचे असतात. ऐकून ऐकून परिचारिकेचा कान सरावतो आणि खरा इशारा त्या गोंगाटात हरवू शकतो. वैद्यकशास्त्रात याला 'अलार्म फटीग' असे नाव आहे. पाळी बदलताना 'या रुग्णाला रात्री काय झाले' हे सांगायचे राहिले तर तीच लायन एअरची गोष्ट वॉर्डात घडते.

उपायही विमानांकडूनच उसना घेतला गेला. मराठी वडिलांचे चिरंजीव असलेले अमेरिकी शल्यविशारद अतुल गवांदे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी तयार केली. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र हेलिओसच्या वैमानिकांकडेही यादी होतीच. यादी उपयोगी पडते ती प्रत्येक ओळीवर थांबणाऱ्याला. म्हणूनच कॉकपिटमध्ये एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने कळीकडे प्रत्यक्ष पाहून उत्तर द्यायचे, ही पद्धत पाळली जाते. दोघांपैकी कनिष्ठाला काही खटकले तर त्याने ते वरिष्ठाला स्पष्ट सांगायचे, यासाठीही वेगळे प्रशिक्षण असते. आपल्याकडे 'साहेबांना कसे सांगायचे' हा संकोच मोठा. तीस-पस्तीस हजार फुटांवर तो परवडत नाही.

प्रवाशाने काय लक्षात ठेवावे?

मास्क खाली आला तर तो आधी स्वतः लावा, मगच शेजारच्या मुलाला किंवा वडीलधाऱ्यांना. आईच्या मनाला हे पटत नाही, पण मुलाचा मास्क लावता लावता आईची शुद्ध हरपली तर दोघांनाही वाचवणारे कुणी उरत नाही. बाळ काही सेकंद थांबू शकते. मास्क जोराने ओढावा लागतो, कारण त्या ओढीनेच ऑक्सिजन सुरू होतो. त्याखालची पिशवी फुगली नाही तरी घाबरू नये, ऑक्सिजन येत असतो. जळल्यासारखा वास आला तरी मास्क काढू नये, कारण वर बसवलेल्या डब्यातल्या रासायनिक क्रियेमुळे उष्णता निर्माण होते. विमान वेगाने खाली येऊ लागले तर ते कोसळते आहे असे समजू नका. बारा मिनिटांच्या आत श्वास घेण्याजोग्या हवेत, म्हणजे साधारण दहा हजार फुटांवर पोहोचण्यासाठी वैमानिक ते मुद्दाम खाली आणत असतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर विमान प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारा, कारण केबिनमधली नेहमीची हवाही घरच्यापेक्षा विरळच असते.

आणि पुढच्या वेळी 'एक दिवा लागला आहे, अभियंता तपासतो आहे, अर्धा तास उशीर होईल' अशी घोषणा झाली, किंवा अर्ध्या वाटेतून विमान वळले, तर घड्याळाकडे पाहून चडफडण्याआधी एवढे आठवावे : इशारा मिळाला आहे, कुणीतरी तो गंभीरपणे घेतला आहे आणि वहीत त्याची नोंद होते आहे. लार्नाकाच्या त्या सकाळी या तीनपैकी पहिलीच गोष्ट घडली होती.